कार्डातले फोटो उडाले? सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हे जमवा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक तरी फोन हमखास येतो. परळच्या आमच्या चाळीत आणि आजूबाजूच्या दोन-तीन मंडळांत मी कॉम्प्युटरवाला म्हणून बदनाम आहे, त्यामुळे रात्रभर गिरगाव चौपाटीला पाय दुखेपर्यंत उभं राहून फोटो काढलेला कोणीतरी पोरगा विचारतो, दादा, कार्ड ब्लँक दाखवतंय, काहीतरी करा ना. मी त्याला पहिला प्रश्न एकच विचारतो, त्यानंतर त्या कार्डावर अजून काही काढलंस का? पलीकडे जरा शांतता, आणि मग, हां म्हणजे कार्ड चालतंय का बघायला चार-पाच काढले.

झालं. त्या चार-पाच फोटोंनी कोणत्या चार-पाच फोटोंचा घास घेतला ते देवाला माहीत. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे काही न करणं. कॅमेरा बंद करा, कार्ड बाहेर काढा, कडेला ती छोटी लॉकची पट्टी असते ती खाली सरकवा आणि कार्ड एका छोट्या डबीत टाकून वर मार्करने 'हात लावू नये' असं लिहा, कारण घरात कोणीतरी दुसऱ्याच कॅमेऱ्यात घालून बघणार म्हणजे बघणारच. मायक्रोएसडीला ही पट्टी नसते, ते अ‍ॅडॅप्टरमध्ये घातलं की अ‍ॅडॅप्टरची पट्टी वापरायची. पट्टी म्हणजे कुलूप मात्र नाही, ती बघून कार्डावर लिहायचं की नाही हे कार्ड रीडर ठरवतो आणि काही स्वस्त रीडर तिला विचारतच नाहीत, त्यामुळे पट्टीच्या भरवशावर निवांत राहू नका.

एवढा बाऊ कशाला तर डिलीट म्हणजे पुसणं नसतं. दारावरची नावाची पाटी काढली म्हणून भाडेकरू गेला असं होत नाही, तो आतच असतो, फक्त मालकाच्या वहीत खोली रिकामी दिसते आणि ती कोणाला द्यायची वेळ आली की मग सामान बाहेर. कार्डावरही तसंच, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर साधारणपणे फॅट३२ आणि त्याच्या वरच्यांवर एक्सफॅट नावाची वही असते, डिलीट केलं की वहीतली नोंद रद्द होते, फोटो आपला जागेवर. कॅमेऱ्यातला नेहमीचा फॉरमॅटसुद्धा बहुतेक वेळा फक्त वही कोरी करतो. पण कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत 'लो लेव्हल फॉरमॅट' अशी एक वेगळी टिक असते, ती मारून फॉरमॅट केलं असेल तर तिथे खोलीच धुऊन निघते, मग उगाच रात्र जागवू नका. हे आधीच विचारून घ्या.

विचारायच्या आणि कागदावर लिहायच्या अजून गोष्टी आहेत. कॅमेरा कुठला, फोटो जेपेगमध्ये की रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) की दोन्ही, कार्ड किती जीबीचं, नक्की काय झालं (डिलीट, फॉरमॅट, का लिहिताना बॅटरी गेली), आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का. घड्याळाचं लोकांना हसू येतं पण जी सॉफ्टवेअर कार्डाची वही सोडून थेट फोटोच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातात त्यांना फाइलचं नाव कळत नाही, हजार फोटो नुसत्या नंबरांनी बाहेर येतात आणि मग त्यातला लालबागचा कुठला आणि मागच्या महिन्यातला अलिबागचा कुठला हे फोटोच्या आत लिहिलेल्या तारखेवरूनच लावावं लागतं, आणि घड्याळ चुकीच्या वर्षावर असेल तर बसा पत्ते लावत. व्हिडिओ गेला असेल तर त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने काढलेली एक धडधाकट क्लिप पण मागून घ्या, अनट्रंक नावाचं एक फुकट टूल ती नमुना म्हणून वापरून अर्धवट तुटलेला व्हिडिओ चालता करू बघतं. नेहमी जमतंच असं नाही, पण नमुना नसेल तर सुरुवातच होत नाही.

मग कार्ड रीडर. कॅमेरा केबलने जोडून काम होत नाही, कारण तसा जोडला की बहुतेक कॅमेरे कॉम्प्युटरला आपल्या फाइली फक्त दाखवतात, अख्खं कार्ड ड्राइव्हसारखं हाताळू देत नाहीत, आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर घराजवळच्या मोबाइलवाल्याकडून घ्या पण यूएसबी ३ चा घ्या. हिशोब सोपा आहे, ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला २५ एमबीने वाचलं तर पाऊण तास लागतो, ९० ने वाचलं तर बारा मिनिटं, आणि कार्ड मरायला टेकलेलं असेल तर ते जितका कमी वेळ तापेल तितकं बरं. ढिल्या हबमध्ये लावू नका, थेट पोर्टमध्ये लावा. लावल्याबरोबर विंडोज प्रेमाने विचारेल, फॉरमॅट करायचं का? कॅन्सल. स्कॅन अँड फिक्स करू का? नको. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं टूल, चालवा असं कोणी सांगितलं तर त्यालाही हात जोडून नको म्हणा, निदान पुढची गोष्ट होईपर्यंत तरी, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली वहीवर नवीन लिहायला लागतं.

पुढची गोष्ट म्हणजे जागा, आणि इथे माझी स्वतःची लाज काढतो. भाचीच्या बारशाचे फोटो ताईच्या हातून डिलीट झाले, मी तेव्हा नवा नवा शहाणा, सॉफ्टवेअर चालवलं, फोटो दिसले, सेव्ह कुठे करू विचारलं तर दिलं त्याच कार्डावर. पहिले चाळीसेक नीट आले, नंतरचे अर्धे करडे, पाळण्याच्या खालचा भाग गायब, एका फोटोत तर आत्याबाई फक्त मानेपर्यंत. म्हणजे वाचवलेल्या फोटोंनीच न वाचवलेले मारले. ताई अजून ऐकवते, मामाने बारसं खाल्लं. तर कार्ड ६४ जीबीचं असेल तर कॉम्प्युटरवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर साधारण १५० जीबी मोकळे करून ठेवा, एक वाटा कार्डाच्या अख्ख्या नकलेचा आणि तेवढाच दुसरा बाहेर येणाऱ्या फोटोंचा, वर थोडी हवा. आणि ती डिस्क फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, अर्ध्यात एरर येऊन डोकं फिरतं. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असली की झालं.

नक्कल म्हणजे इमेज, कार्डातलं सगळं, रिकामं दिसणारं सुद्धा, जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवणं. लोक हीच पायरी टाळतात आणि माझ्या मते उलट हीच एक पायरी करायची असेल तर करा. एकदा इमेज निघाली की कार्ड परत डबीत, त्यानंतर पाच सॉफ्टवेअर चालवून बघा नाहीतर पन्नास, सगळा प्रयोग नकलेवर. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर चालतं, फक्त त्यात 'रीड' आणि 'राइट' ही बटणं शेजारी शेजारी आहेत, आपल्याला रीड हवंय, चुकून राइट दाबलं तर ते एकदा विचारतं पण रात्री दोन वाजता माणूस येस येस करत जातो. कार्ड अडखळत असेल तर लिनक्स किंवा मॅकवर डीडीरेस्क्यू घ्या, ते अडलेली जागा सोडून आधी चांगलं सगळं उचलतं आणि मग मागे येऊन अडलेल्या ठिकाणी परत परत ठोठावतं, कुठवर आलं याची नोंद पण ठेवतं म्हणून मध्ये थांबवून उद्या पुढे चालू करता येतं.

सॉफ्टवेअर आधी डाउनलोड करून ठेवा, घाईत गुगल करून पहिली जाहिरात उघडू नका. मी फोटोरेक वापरतो, क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि बिघडलेली वही दुरुस्त करणाऱ्या टेस्टडिस्कबरोबर एकाच झिपमध्ये येतं. काळा स्क्रीन आणि बाणाची बटणं बघून घाबरायला होतं पण सोबत क्यूफोटोरेक नावाचं माउसवालं रूप पण असतं, त्यात इमेज फाइल थेट निवडता येते. तिथे आपल्याला हवे तेवढेच प्रकार टिक करा, निकॉनच्या नेफ आणि सोनीच्या एआरडब्ल्यू या रॉ फाइली तिथे 'टिफ'खाली येतात म्हणून त्यांनी टिफ, आणि जेपेग सगळ्यांनीच. नुसतं डिलीट झालं असेल तर फक्त रिकामी जागा शोधायला सांगा, वहीच बिघडली असेल तर पूर्ण. विंडोजवर नुकतंच डिलीट झालेलं असेल तर रेक्युवा सोपं पडतं, नावं पण बऱ्याचदा परत येतात. पैशाचं कुठलं घ्यायचं झालं तर आधी प्रिव्ह्यू बघा, फोटो पूर्ण दिसला तरच कार्ड (बँकेचं) बाहेर काढा. रॉ फाइल फुटकी निघाली तरी लगेच फेकू नका, तिच्या पोटात कॅमेऱ्याने एक जेपेग भरलेलं असतं, ते कधी कधी शाबूत सापडतं आणि व्हॉट्सअ‍ॅपपुरतं पुष्कळ होतं.

लॅपटॉप चार्जरवर, स्लीप बंद, आणि हाताशी वेळ. संध्याकाळी नैवेद्याच्या गडबडीत हे काम काढू नका.

पावसात किंवा चौपाटीच्या पाण्यात कार्ड भिजलं असेल तर वरचं सगळं थांबवा. समुद्राचं पाणी असेल तर आधी साध्या स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, कारण मीठ राहिलं तर त्या सोनेरी पट्ट्या खातं, मग पुसून पंख्याखाली एक-दोन दिवस पडू दे, हेअर ड्रायर नको आणि पूर्ण सुकल्याशिवाय रीडरमध्ये तर अजिबात नको.

आणि कार्ड लावल्यावर कॉम्प्युटरला काहीच दिसत नसेल किंवा ० बाइट दाखवत असेल, दुसऱ्या रीडरमध्येही तेच, तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, ते डेटा काढून देणाऱ्या लॅबचं काम. मायक्रोएसडीमध्ये तर चिप आणि तिला चालवणारा कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात, वरचा थर खरवडून बारीक तारा जोडून वाचावं लागतं, त्यामुळे महाग पडतं. जाण्याआधी प्रश्न ठरवून जा, तपासायचे किती घेता, डेटा नाही निघाला तर काय, फाइलींची यादी आधी दाखवाल का, आणि उत्तरं लिहून घ्या. माझ्या एका मित्राला एका दुकानात सांगितलं की आधी फॉरमॅट मारतो मग काढून देतो, तो कार्ड उचलून घरी आला, बरं केलं.

एक वाईट शक्यता तपासायची राहते. स्टेशनबाहेर स्वस्तात घेतलेलं १२८ जीबीचं कार्ड आत खरं ८ जीबीचंच निघू शकतं, ते भरलं की कॅमेरा फोटो काढत राहतो आणि कार्ड हो हो म्हणत राहतं, पण ते फोटो कुठे लिहिलेच गेलेले नसतात. असले फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाहीत, कारण ते कधी नव्हतेच. नवीन कार्ड आणलं की रिकामं असतानाच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून पूर्ण भरून बघा, मी तर मंडळाच्या पोरांची कार्डं आता आगमनाच्या आधीच मागून घेतो.

मोबाइलचे फोटो असतील तर ही सगळी वरात काढायची गरज नाही, आधी गुगल फोटोजचं ट्रॅश बघा, बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस पडून असतो, आयफोनमध्ये 'रिसेंटली डिलीटेड' ३० दिवस.

फोटो निघाले की दोन ठिकाणी ठेवा, ज्याचे आहेत त्याला सगळे उघडून बघायला सांगा, आणि तो हो म्हणेपर्यंत इमेज फाइल उडवू नका. हातून डिलीट झालेलं कार्ड मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून खुशाल वापरा. पण जे आपोआप बिघडलं ते परत वापरू नका. मी तसलं एक मागच्या वर्षी बायकोसमोर कात्रीने कापलं, ती म्हणाली अहो चांगलं पाचशेचं कार्ड, किराणा दुकानाचे फोटो काढायला तरी ठेवायचं होतं.