स्कूटीला मोबाईल चार्जिंग पोर्ट बसवायचाय? असं करा
लातूरहून नांदेडला भर उन्हात जायलो की मॅप चालू ठेवून मोबाईल अर्ध्या रस्त्यातच मान टाकायचा, म्हणून हा पोर्ट घरीच बसवला. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची अन् मोबाईलला लागतात ५ व्होल्ट, म्हणून पोर्ट १२ व्होल्टवर चालणारा, रबरी झाकणाचाच घ्या.

आधी चावी बंद करून बॅटरीची मायनस वायर काढा. मग पुढचं कव्हर खोला, क्लिपा जपून बरं का, लई लवकर तुटतात. पोर्टची काळी वायर मायनसला. लाल वायर थेट बॅटरीला जोडू नका, पोर्ट रात्रभर थोडा थोडा करंट खातो अन् गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ घेत नाही; चावीवर चालू-बंद होणारी वायर मल्टिमीटर लावून शोधा (तेवढ्यापुरती बॅटरीची मायनस जोडा, सापडली की परत काढा), बऱ्याच गाड्यांत ती हॉर्नला सापडते. हेडलाईटची वायर मात्र घेऊ नका, जुन्या गाड्यांत तिथं एसी करंट असतो, तो पोर्टला चालत नाही.

लाल वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज हवाच हवा, तोही जोडाच्या जवळ. जोड नुसते पिळू नका, सोल्डरचा डाग देऊन वरून इन्सुलेशनची स्लीव्ह चढवा, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा वायर ताणत तर नाही ना.