डायव्हर लावून ट्रोलिंग: दोरी, रॉड आणि रीळ कसे निवडावेत

मालवणला लहानपणी आम्ही तंगुसाची गुंडाळी हातात धरून जेटीवरून गरवायचो. मासा लागला की पहिली खेच तर्जनीला कळायची. मिशिगन सरोवरात सॅमनसाठी ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे पकडणं, करायला लागलो तेव्हा ती सवय पहिल्या दिवशीच मोडली, कारण इथे मासा लागण्याच्या कितीतरी आधीपासून दोरी ओढत असते. रॉड कमानीसारखा वाकलेला असतो आणि त्याचं टोक सतत थरथरत असतं. ही ओढ माशाची नसते. ती असते डायव्हरची, म्हणजे दोरीला बांधलेल्या तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या तबकडीची. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करा: साहित्य आधी या तबकडीसाठी निवडायचं. तिला पेलणारं साहित्य सॅमनलाही पेलतं.

मिशिगन सरोवरात हा मासा माणसाने आणून सोडला. १९६६ साली कोहो जातीचा सॅमन आणि १९६७ साली चिनूक जातीचा, ज्याला इथे सगळे ‘किंग’ म्हणतात. तेव्हा सरोवरात एलवाइफ नावाच्या छोट्या चंदेरी माशांचा सुळसुळाट झाला होता, त्यावर हा उपाय होता. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की किंग खालच्या थंड थरात उतरतो. साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी त्याला मानवतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते ४० ते १०० फुटांवर सापडतं. आमिष एवढं खोल न्यायला बोटीवर डाउनरिगर, म्हणजे जड गोळ्याने दोरी खाली नेणारं यंत्र, बसवता येतो, पण तो महाग पडतो आणि बोटीला भोकं पाडावी लागतात. डायव्हर हा गरिबाचा डाउनरिगर आहे. शिवाय तो आमिष बोटीच्या बाजूला दूर नेतो, हे काम डाउनरिगरला जमत नाही.

आधी तबकडी समजून घ्या

सगळ्यात जास्त दिसणारा डायव्हर म्हणजे लूर-जेन्सनचा डिप्सी. त्याच्या तळाशी वजन असलेली एक फिरती चकती असते, तिच्यावर मध्ये ० आणि दोन्ही बाजूंना १, २, ३ असे आकडे असतात. ० वर ठेवलात तर डायव्हर बोटीच्या सरळ मागे आणि सर्वांत खोल जातो. आकडा वाढवत नेला की तो बाजूला जास्त आणि खाली कमी जातो. डावीकडच्या रॉडला डावा आकडा, उजवीकडच्याला उजवा. यात घाईत चूक झाली तर दोन्ही डायव्हर बोटीमागे एकमेकांना भेटतात, आणि तो गुंता सोडवण्यात सकाळ जाते.

किंगसाठी चार इंचांहून किंचित मोठा डायव्हर घ्या, वॉलाय नावाच्या माशासाठी किंवा वसंतातल्या कोहोसाठी सव्वातीन इंची पुरतो. मोठ्यावर एक सुटी प्लास्टिकची कडी चढवता येते. तिने तो आणखी खोल जातो, पण ओढही वाढते. म्हणून पहिल्या हंगामात कडी डब्यातच राहू द्या.

डायव्हरच्या टोकाशी एक खटका असतो. मासा लागला की खटका सुटतो, तबकडी आडवी पडते आणि पाण्याचा दाब संपतो. खटका सुटला नाही तर मासा आणि तबकडी दोघांनाही ओढत आणावं लागतं. दोरीची सगळी निवड या खटक्याभोवती फिरते.

दोरी: इथे वेळ घालवा

पर्याय तीन आहेत. तंगूस म्हणजे साधी नायलॉनची मोनो लाइन, विणलेली ब्रेड लाइन, आणि पोलादी तार.

तंगूस स्वस्त आहे आणि हाताळायला सोपा, पण तो ताणतो. १५० फूट दोरी बाहेर असताना रॉडला झटका दिलात तर तो झटका वाटेतच विरतो, खटक्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय जाड असल्यामुळे पाणी त्याला वर उचलतं, आणि तेवढ्याच खोलीसाठी जास्त दोरी सोडावी लागते. १०० फुटांच्या आत दोरी सोडायची असेल तर २५ ते ३० पौंडी, म्हणजे तेवढं वजन तोलणारा, तंगूस चालतो. आणखी एका वेळी तो खरोखर कामाचा ठरतो: उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सरोवरात काटेरी पाणपिसवांचे थवे येतात आणि बारीक दोरीवर ओल्या कापसासारखे लगडतात. रॉडच्या कड्या बुजतात आणि रीळ फिरेनासं होतं. जाड तंगुसावर त्या कमी बसतात.

सुरुवात करणाऱ्याने मात्र ब्रेडच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ५० पौंडी ब्रेड जाडीला साधारण १२ पौंडी तंगुसाइतकी असते. ती पाणी कापत खाली जाते आणि जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे २०० फुटांवरूनही खटका एका झटक्यात सुटतो. ३० पौंडी ब्रेड आणखी बारीक मिळते, पण रोजच्या घासण्यात ५० पौंडी जास्त टिकते. रिळावर आधी थोडा तंगूस गुंडाळा आणि त्यावर ब्रेड. नुसती ब्रेड रिळाच्या गुळगुळीत दांड्यावर घसरते, मग ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट असूनही दोरी सुटत राहते आणि कारण कळत नाही. फिरकीला, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या जोडकडीला, बांधताना पालोमार गाठ मारा, आणि आवळण्याआधी ती ओली करा.

तार ही तिसरी पायरी. सात पदरी, ३० पौंडी स्टेनलेस तार स्वतःच्या वजनाने बुडते आणि अजिबात ताणत नाही. मासे खूप खोल असतात तेव्हा किनाऱ्यावरचे जुने लोक तिच्यावरच भिस्त ठेवतात. पण तिला ढील चालत नाही. पहिल्यांदा तार सोडताना मी रिळावरचा अंगठा क्षणभर उचलला. तेवढ्यात वेटोळी स्प्रिंगसारखी उसळली, तारेला मोड आला, आणि मोड आलेली तार त्या जागी तुटतेच. हजार फूट नवी तार त्या सकाळी कचऱ्यात गेली. शिवाय तार साध्या रॉडच्या कड्या कापते. तिच्यासाठी टोकाला चाक किंवा तारेचं लवचीक टोक असलेला खास रॉड लागतो. जुना रॉड विकत घेत असाल तर कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. धागा अडकला की समजा तिथे चर पडली आहे. त्या चरीत ब्रेड एका दिवसात झिजते.

रॉड आणि रीळ

दोरी ठरली की पुढचं सोपं होतं. ब्रेड ताणत नसल्यामुळे सगळा धक्का रॉडलाच सोसावा लागतो, म्हणून टोक लवचीक आणि बुंधा भक्कम हवा. लांबी साडेआठ ते साडेदहा फूट. एका बाजूला दोन डायव्हर लावायचे असतील तर खोल जाणाऱ्याला, म्हणजे आकडा १ वाल्याला, साधारण नऊ फुटी रॉड द्या आणि तो मागच्या होल्डरमध्ये ठेवा. बाजूला लांब जाणाऱ्या ३ वाल्याला दहा फुटी रॉड आणि पुढचा होल्डर. रॉड बोटीला काटकोनात आणि पाण्याला जवळजवळ समांतर असावेत. होल्डर धातूचा आणि बोटीला बोल्टने आवळलेला घ्या. प्लास्टिकचे होल्डर या ओढीपुढे टिकत नाहीत.

रीळ लाइन काउंटरवालंच घ्या, इथे काटकसर नको. किती फूट दोरी सोडली हे कळलं नाही तर मासा लागलेली जागा पुन्हा गाठता येत नाही. मात्र काउंटर रिळाच्या फेऱ्या मोजतो, त्यामुळे रीळ काठोकाठ भरलेलं असेल तरच आकडा खरा. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीची, एकाच मापाची, सारखीच भरलेली रिळं ठेवलीत तर एका रॉडचा आकडा दुसऱ्याला लागू पडतो.

डायव्हरच्या मागे काय

ब्रेड आणि तारेला स्नबर लावाच. रबरी नळीच्या आत दोरी असते, किंगने धडक दिली की नळी ताणून धक्का गिळते. स्नबरशिवाय गळ माशाच्या जबड्यातून फाटून निघतो, हे मी दोन मोठे मासे गमावून शिकलो. त्यापुढे २५ किंवा ३० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाआधीचा दोरीचा तुकडा, पाच ते सात फूट. स्नबर आणि लीडर मिळून रॉडच्या लांबीपेक्षा जास्त होऊ देऊ नका, कारण पुढे सांगतो. सकाळच्या अंधुक उजेडात चमचा, म्हणजे स्पून, चांगला चालतो. ऊन चढलं की आठ इंची फ्लॅशर, म्हणजे पाण्यात फिरणारी चमकदार पट्टी, आणि त्यामागे दोनेक फुटांवर माशी, म्हणजे झिरमिळ्यांचं नकली आमिष. फ्लॅशरची स्वतःची ओढही डायव्हरवर येते, तेव्हा खटका थोडा आवळावा लागतो.

पाण्यात सोडताना

बोटीचा वेग किंगसाठी ताशी २ ते २.८ मैल, वॉलायसाठी त्याहून कमी. आधी आमिष पाण्यात सोडा आणि ते नीट फिरतंय का पाहा. मग खटका लावून डायव्हर पाण्यावर ठेवा आणि अंगठा रिळावर टेकवून दोरी सावकाश जाऊ द्या. घाईने सोडलीत तर माशी उलटून डायव्हरला गुंडाळते. ठरलेल्या आकड्यावर रीळ बंद करा. ड्रॅग इतकाच आवळा की डायव्हर स्वतःहून दोरी ओढणार नाही, पण रॉड पुढे झटकला तर काही इंच सुटेल. फार सैल ठेवलात तर मासा दोरी घेऊन पळेल आणि खटका तसाच लागलेला राहील.

खटक्याचा स्क्रू सुरुवातीला सैल ठेवा. चालत्या बोटीत तो आपोआप सुटला तर पाव फेरी आवळा, पुन्हा सोडा. आपोआप सुटणं थांबेल तिथेच थांबा. रॉड अचानक सरळ झाला आणि मासा नाही, तर खटका सुटला असं समजा. दोरी गुंडाळा आणि परत लावा.

खोलीचा ढोबळ हिशोब असा: आकडा ३ असेल तर सोडलेल्या दोरीच्या सुमारे एक तृतीयांश, १ असेल तर त्याहून जास्त, निम्म्याच्या जवळपास. वेग, दोरी आणि आमिष बदललं की हाही बदलतो. आपल्या साहित्याचा खरा आकडा काढायचा तर माहीत असलेल्या खोलीच्या सपाट तळावर दोरी थोडी थोडी सोडत जा. डायव्हर तळाला टेकला की रॉडचं टोक ठोके देऊ लागतं. तो आकडा वहीत लिहून घ्या.

विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाला तीन दोऱ्या लावता येतात, आणि परवान्याबरोबर ट्राउट-सॅमनचा स्टॅम्प लागतो. दुसऱ्या राज्याच्या पाण्यात जायच्या आधी तिथले नियम बघून घ्या.

मासा लागला की रॉड होल्डरमधून बाहेर काढणं हेच पहिल्यांदा कठीण जातं. ओढीविरुद्ध उचलू नका, आधी रॉड पाठीमागच्या दिशेने सरकवा आणि मग वर घ्या. गुंडाळताना ढील देऊ नका. डायव्हर टोकापासून फूटभर राहिला की रीळ थांबवा, नाहीतर तबकडी टोकाची कडी फोडते. तिथे दोरीत एक मोठा मणी ओवून ठेवला तर इशारा मिळतो. आता मासा अजून स्नबर आणि लीडरएवढा लांब आहे. रॉड उंच धरून बोटीत दोन पावलं मागे सरका, म्हणजे तो जाळीवाल्याच्या समोर येईल. लीडर रॉडपेक्षा लांब असता तर मासा इथे जाळीच्या हातभर पलीकडेच राहिला असता. जाळी पाण्यात डोक्याच्या बाजूने घाला, शेपटीच्या बाजूने कधीच नाही.