वॉटर पायची तयारी, फ्रिजपासून सुरू

सगळ्यात आधी फ्रिज उघडा आणि त्यात एक फूट बाय एक फूट सपाट जागा आहे का ते बघा. मैदा, साखर, लोणी, पाणी घरात असतंच, त्याची काळजी नाही. जागा नसते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकेतल्या सणाच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आदल्या रात्री आमच्या फ्रिजमध्ये मराठी मंडळाच्या पॉटलकसाठीचं (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) श्रीखंड, भिजवलेले छोले आणि कुणाकुणाचे ठेवायला दिलेले डबे असतात. हा पाय तिथे रात्रभर आडवा, न हलता बसला पाहिजे. डब्यावर तिरका टेकवून ठेवलात तर सकाळी एका बाजूला जाड, दुसरीकडे नुसतं पीठ अशी गत होते. म्हणून मंगळवारीच एक कप्पा रिकामा करा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

पाय म्हणजे आपला पाय नव्हे, मैद्याच्या आवरणात गोड सारण घालून ओव्हनमध्ये भाजलेला इंग्रजी ‘pie’, हेही घरच्यांना सांगून ठेवा. मी आईला फोनवर म्हणाले, ‘पाय भाजतेय’, तर ती म्हणे, ‘अगं, आधी गार पाण्याखाली धर!’

हा पदार्थ मंदीच्या काळातला म्हणून ओळखला जातो. 1929 च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि 1933 पर्यंत अमेरिकेतल्या चार कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता. शेतावरच्या बायका अंडी आणि साय विकून रोख पैसा करत, त्यामुळे ती घरच्या गोडात घालणं जिवावर यायचं. फळंही हिवाळा सरेपर्यंत पुरत नसत. मग लिंबाऐवजी व्हिनेगर घातलेला पाय, सफरचंदाऐवजी क्रॅकर बिस्किटांचा पाय, आणि काहीच नसेल तर पाण्याचा. मी राहते त्या इंडियानात दूध-सायीचा शुगर क्रीम पाय मानाचा, 2009 साली राज्याच्या सिनेटने ठराव करून त्याला राज्याचा पाय म्हटलं. पाण्याचा पाय हा त्याचा गरीब चुलतभाऊ. अंडं नाही, दूधही नाही, त्यामुळे आमच्या मंडळात याच्यावर उड्या पडतात.

आता मापं. 9 इंची भांड्याला दीड कप पाणी, एक कप साखर, चार मोठे चमचे मैदा, पाच मोठे चमचे लोणी, दोन छोटे चमचे व्हॅनिला. कप म्हणजे 240 मिलिलिटरचा, चहाचा नव्हे. चमचेही मापाचेच काढून ठेवा आणि मैदा भरल्यावर सुरीच्या पाठीने सपाट करा. साधारण 360 मिलिलिटर पाणी बांधायची जबाबदारी जेमतेम 30 ग्रॅम मैद्यावर आहे, तिथे ‘अंदाजे’ चालत नाही. लोण्याचं मोजमाप इथे सोपं, कारण इथल्या कांडीच्या वेष्टनावर चमच्याच्या रेघा छापलेल्या असतात. एका कांडीत आठ मोठे चमचे, 113 ग्रॅम. आवरणाला एक अख्खी कांडी आणि वर घालायला पाच रेघा, म्हणजे दोन कांड्या काढा, तीन रेघा उरतील. भारतात करणार असाल तर 185 ग्रॅम लोणी हाताशी ठेवा. खारं असेल तर आवरणात मीठ घालू नका.

आवरणाचं पीठ मंगळवारी रात्रीच मळून ठेवते. सव्वा कप मैदा, अर्धा छोटा चमचा मीठ, एक कांडी लोणी, तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. करंज्या करणाऱ्या हाताला इथे सवय मोडावी लागते. करंजीला मोहन कडकडीत तापवून घालायचं, इथे लोणी फ्रिजमधून काढून थेट, दगडासारखं असतानाच चिरायचं. चिरलेले तुकडे मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी भराभर चोळा, तळवा लावू नका, तळवा गरम असतो. बराचसा मैदा रव्यासारखा दिसला आणि मधे मधे वाटाण्याएवढे लोण्याचे खडे राहिले की थांबा. ते खडे फोडायचा मोह होतो. पण ओव्हनमध्ये तेच वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. चिरोट्याला साटा जे काम करतो, तेच इथे हे खडे करतात. पाणी एकेक चमचा घाला, गोळा जेमतेम जमला की पुरे. कणकेसारखा तिंबलात तर पाय नाही, खारी शंकरपाळी होईल. गोळा चपटा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

भांडं अॅल्युमिनियमचं घ्या. काचेचं दिसतं छान, पण फ्रिजमधून काढलेली गार काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते. मी एकदा ते साहस केलं, मग दोन तास ओव्हनमधून काचा वेचल्या. बुधवारी सकाळी गोळा जरा नरम होऊ द्या, भांड्यापेक्षा दोन बोटं मोठी पोळी लाटा आणि अंथरा. ताणू नका, ताणलेली कड भाजताना आत पळते. इतर पायच्या तळाला काट्याने टोचे मारायची पद्धत आहे. इथे एकही टोचा मारू नका, वरून चक्क पाणी ओतायचंय! तळाला बारीक चीर दिसली तरी उरलेल्या पिठाचं ठिगळ लावा. मग भांडं परत फ्रिजमध्ये.

ओव्हन 400 फॅरनहाइटवर, देशातल्या ओटीजीत 200 सेल्सिअसवर, वीस मिनिटं आधी लावा. खालच्या कप्प्यात एक ट्रे ठेवून तोही तापू द्या. तापलेल्या ट्रेवर भांडं ठेवलं की तळ कच्चा राहत नाही, आणि उतू गेलं तर ओव्हन खरवडावा लागत नाही. लोडशेडिंगची वेळ बघून घ्या, दीड तास सलग वीज लागते.

एका वाटीत साखर आणि मैदा कोरडेच नीट एकत्र करून ठेवा. पिठलं करताना बेसन थेट पाण्यात पडलं की गुठळ्या होतात, तसंच हे. मैद्याच्या कणांमधे साखर शिरली की कण एकमेकांना चिकटत नाहीत. मैदा आधी चाळा, इथल्या बंद पुड्यांतही सोंडे निघतात. जायफळ आणि किसणीही काढा. शुगर क्रीम पायवर जायफळ भुरभुरतात, तसं मी याच्यावरही भुरभुरते. श्रीखंडासाठी निघालेलं असतंच.

मग गार आवरणात पाणी ओता. होय, नळाचं साधं पाणी. त्यावर साखर-मैदा सगळीकडे भुरभुरा, वरून व्हॅनिला, आणि लोण्याचे पाच तुकडे पसरून ठेवा. ढवळू नका. चमचा दिसला तर हात जातोच, म्हणून मी चमचे आधीच सिंकमध्ये टाकते. ढवळायचं काम उकळी करते. अर्धा तास 400 वर, मग कडेला फॉइलची पट्टी गुंडाळून आणखी अर्धा तास 375 वर, ओटीजीत 190. ही पट्टी आधीच फाडून ठेवा, तापलेल्या भांड्यापाशी उभं राहून फॉइल फाडताना मनगट भाजतं. घड्याळापेक्षा मध्यभागाकडे बघा. नुसत्या कडेने बुडबुडे येत असतील तर झालेला नाही. मधोमध खदखदला पाहिजे, त्याशिवाय तिथला मैदा फुलत नाही आणि पाणी धरत नाही. दहा मिनिटं जास्त लागली तर लागू द्या.

बाहेर काढाल तेव्हा आत पिवळसर पाणी हलताना दिसेल आणि वर लोणी तरंगत असेल. इथे माणसं घाबरतात. पहिल्या वेळी मी तो परत ओव्हनमध्ये घातला आणि कड काळी केली. आमच्या शेजारच्या आजींनी, त्या नव्वदीच्या आहेत, दारातूनच बघून सांगितलं की तो झालाय, तूच झालेली नाहीस. गार होतानाच तो जमतो, फुललेला मैदा थंडीत पाण्याला धरून बसतो. तीन तास ओट्यावर, मग त्या राखून ठेवलेल्या कप्प्यात उद्यापर्यंत. मधे बोट घालून बघू नका, जमत आलेला थर मोडला की तिथे पाणी सुटतं.

गुरुवारी निघताना पाय गाडीत सीटवर नको, सीटला उतार असतो. पायाशी सपाट जागेवर ठेवा, खाली रबराची चटई. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि कापा. पहिला तुकडा मोडतोच, तो आपला. आणि पिशवीत प्लेट्सबरोबर थोड्या वाट्या आणि चमचेही टाका, नाहीच जमला तर खीर म्हणून वाढता येतो.