‘शेवटी ती थिअरीच ना?’ तथ्य आणि सिद्धांत यांत गल्लत करताना होणाऱ्या चुका

उत्क्रांतीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘शेवटी ती थिअरीच ना, सिद्ध कुठे झालीय?’ गुरुत्वाकर्षणाचीही थिअरीच आहे, पण तिच्या वाटेला कुणी जात नाही.

यामागची मोठी चूक म्हणजे बढतीची कल्पना: आधी अंदाज, पुरावे मिळाले की सिद्धांत, पक्कं झालं की नियम, शेवटी तथ्य. अशी बढती विज्ञानात नसते. तथ्य म्हणजे मोजून-तपासून पक्की झालेली नोंद. नियम त्या नोंदींमधली शिस्त सूत्रात मांडतो. ती शिस्त का आहे आणि पुढे काय दिसायला हवं, हे सिद्धांत सांगतो.

बुध ग्रहाचं उदाहरण घ्या. त्याची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू वळत जाते. न्यूटनच्या सूत्रांनी इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरली तरी शतकाला सुमारे 43 विकलांचा फरक उरतो (3600 विकला म्हणजे एक अंश). हे तथ्य. 1846 मध्ये ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या गणितावरून नेपच्यून सापडला होता, त्यामुळे 1859 मध्ये बुधाच्या बाबतीतही त्याने तीच युक्ती लढवली: सूर्याजवळ आणखी ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. लेस्कार्बो नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरने तो सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचं सांगितलं आणि त्याला मानाचा किताबही मिळाला. ग्रह मात्र नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातून ते 43 विकला कुठलाही नवा ग्रह न मानता निघाले.

इथे ‘डोळ्यांनी पाहिलेलं’ खोटं ठरलं. ल व्हेरिएचा तर्क हे गृहीतक होतं, तेही पडलं. म्हणून प्रत्येक अंदाजाला थिअरी म्हणू नका. आणि ‘न्यूटन चुकला, उद्या आइन्स्टाइनही चुकेल’ हा निष्कर्षही घाईचा आहे. न्यूटनची सूत्रं कुठवर चालतात ते कळलं, एवढंच. यानांच्या मार्गांचं बरंचसं गणित आजही त्यांच्यावरच चालतं. नवा सिद्धांत आला तरी जुन्या मोजमापांचा हिशेब त्याला द्यावाच लागतो.

2018 मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. वानराचा माणूस होताना पाहिल्याचं कुणीच सांगितलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. ही चूक शिकलेल्यांकडूनही सर्रास होते. समोर घडताना पाहिलं तरच पुरावा, ही अट लावली तर भूगर्भशास्त्र गुंडाळावं लागेल, गुन्ह्याचा तपासही. (सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते, हे विशेष.)

त्यापेक्षा विचारा: या सिद्धांतावरून काय सापडायला हवं, आणि ते सापडलं का? मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव सुमारे 37.5 कोटी वर्षं जुन्या खडकांत असायला हवा, असं धरून शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडचं एल्समियर बेट निवडलं. काही मोसम हात हलवत परतल्यावर 2004 मध्ये तिथे टिकटालिक सापडला: अंगावर खवले, माशासारखे पर, पण परांच्या आत मनगटासारखी हाडं आणि डोकं वळवता येईल अशी मान.