जूनमध्ये व्हँकूवरच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणताय? या चुका टाळा

खाडी कधी गोडी होते, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आषाढात चार दिवस कोसळला की कळतंच. व्हँकूवरला माझी फसगत झाली ती याच सवयीमुळे. जूनचा महिना, लख्ख ऊन, आठवडाभर थेंब नाही. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी किनाऱ्यावरून बादली भरून आणली आणि ओतली. तासाभरात समुद्रफुलानं सगळे हात आत ओढून घेतले, ते लिंबाएवढं झालं. मग क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून पाहिलं. टाकीत लिटरमागे ३० ग्रॅम क्षार असायचे, आणलेल्या पाण्यात जेमतेम १६.

पाऊस नाही म्हणजे पूर नाही, ही पहिली चूक आणि सगळ्यात महागाची. इथला पूर उन्हानं येतो. फ्रेझर नदी रॉकी पर्वतात उगम पावून सुमारे १,३७५ किलोमीटर वाहत व्हँकूवरजवळ जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत येते. शहरातला बर्फ मार्चपर्यंत संपलेला असतो, पण डोंगरावरचा मे अखेरीपासून जुलैपर्यंत वितळत राहतो. होप गावाजवळ हिवाळ्यात सेकंदाला साधारण १,००० घनमीटर वाहणारी नदी जूनमध्ये ७,०००च्या आसपास जाते; १९४८च्या महापुरात तर १५,००० ओलांडली होती. म्हणून किनाऱ्यावरचं आभाळ बघू नका, आतल्या डोंगराळ भागात उष्णतेची लाट आली होती का ते बघा. होपच्या मापन केंद्राचे आकडे कॅनडा सरकार इंटरनेटवर देतं. निघण्याआधी तेवढे पाहून घ्या.

दुसरी चूक बादलीची. गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्यावर तरंगतं आणि बादली नेमकी तीच साय काढते. हा थर काही मीटर जाडीचा असतो. खाली समुद्र पुष्कळसा नेहमीसारखाच खारा. मी आता धक्क्यावरून बाटली सोडते: तळाला दगड बांधलेला, बुचाला वेगळी दोरी. आठ-दहा मीटर खाली गेली की बुचाची दोरी हिसकायची, बुडबुडे थांबले की वर ओढायची. वेळखाऊ आहे, पण वरच्या आणि खालच्या पाण्याची चव घेऊनसुद्धा फरक कळतो. (चव घ्यायची, गिळायचं नाही.)

रंगावर जाऊ नका. फेरीतून व्हँकूवर बेटावरच्या नानायमोकडे जाताना कधी कधी गढूळ आणि गडद हिरव्या पाण्यामधली रेघ स्पष्ट दिसते, तिच्यावर फेस आणि लाकडांचे ओंडके तरंगत असतात. पण गाळ खाली बसून पाणी नितळ झालं, तरी गोडेपणा मागे उरतोच.

बर्फाचं पाणी म्हणून ते गारच असणार, हाही गैरसमज. वरचा हलका थर खालच्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तो तापत जातो. कोमट लागलं म्हणून ते खरं समुद्राचं पाणी ठरत नाही.

आणलेलं पाणी फिकं निघालं तर स्वयंपाकाचं मीठ घालू नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतंच म्हटलं तरी चालेल. मत्स्यालयाचं सागरी मीठ घ्या: २० लिटर पाणी १५ वरून ३० वर न्यायला ३०० ग्रॅमपेक्षा किंचित जास्त लागतं. टाकीतलीच क्षारता घसरली असेल तर मात्र घाई नको, दिवसाला लिटरमागे एक-दोन ग्रॅमच वाढवा. आणि क्षार जुळूनही काचेवर तपकिरी थर येत असेल, तर नदीबरोबर आलेल्या सिलिकेटचा संशय घ्या. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाला तेच हवं असतं. ते मीठ घालून जात नाही. अशा पाण्याचा नाद सोडलेला बरा.

रिफ्रॅक्टोमीटर आधी प्रमाण द्रावणानं, म्हणजे क्षारता ठाऊक असलेल्या पाण्यानं, तपासून घ्या.

जूनमध्ये पाणी हवंच असेल तर मी व्हँकूवर बेटाच्या दक्षिण टोकाच्या व्हिक्टोरियाच्या बाजूचं आणते. तिथे अरुंद वाटांमधून भरती-ओहोटीचा जोर इतका असतो की वरचं-खालचं पाणी घुसळून एक होतं. नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबते.