भातानंतरच्या ओलाव्यावर धाग्याचा ताग

वृत्तपत्रांत बंगालच्या ज्यूटलाही ताग म्हणतात. येथे अभिप्रेत आहे तो पिवळ्या फुलांचा, शेंगवर्गातला ताग, ज्याच्या सुताची जाळी नायलॉन येण्यापूर्वी कोकणातले गाबीत मच्छीमार विणत असत. पावसाच्या तोंडावर पेरून ४५ ते ५० दिवसांनी गाडायचा हिरवळीचा ताग बहुतेकांना ठाऊक आहे. भात निघाल्यावर उरलेल्या ओलाव्यावर धाग्यासाठी घ्यायच्या तागाचा हिशेब मात्र वेगळा आहे.

या हंगामात ओलावा रोज घटतो आणि त्याच वेळी दिवसही लहान होत जातो. ताग फुलावर येतो तो केवळ वयामुळे नव्हे, तर रात्र लांबल्यामुळे. रत्नागिरीकडे जूनअखेरीस दिवस सुमारे १३ तासांचा असतो, तो डिसेंबरात ११ तासांवर येतो. त्यामुळे जूनमधला ताग वाढतच राहतो, तर उशिरा पेरलेला ताग पुरेशी उंची गाठण्याआधीच कळ्या धरतो. कळी आली की उंची मंदावते आणि धाग्याची लांबी म्हणजे खोडाचीच लांबी असल्याने, पेरणीतला गेलेला आठवडा पुढे खत घालून भरून निघत नाही. म्हणून तागासाठी गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताचे खाचर न निवडता हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताचे निवडावे. ते आधी मोकळे होते.

कातळावरच्या उथळ मातीत हे पीक करू नये, कारण तेथील ओल लवकर उडते. नदीकाठची खोल मळी उत्तम. मात्र पाणी साचून राहणारा भाग सोडावा. कापणी होताच वाफसा (नांगरटीजोगी ओल) साधून नांगरट करावी आणि त्याच दिवशी पेरावे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत चोळून ते सावलीत सुकवावे. बी दोन-तीन सेंटिमीटर खोल, ओलीत पडले पाहिजे. धाग्यासाठी गुंठ्याला सुमारे एक किलो बी लागते. हे प्रमाण हिरवळीच्या तागाहून बरेच जास्त वाटेल, परंतु दाटीतच खोड सरळ, बारीक आणि बिनफांदीचे राहते.

भात निघाले की आपल्याकडे गुरे मोकळी सुटतात. शेताला गडगा नसेल तर पेरणीआधीच काट्यांची वई घालावी; गुरांनी शेंडा खुडला की खालून फांद्या फुटतात आणि झाड जगूनही धाग्याच्या दृष्टीने वाया जाते. पाने व शेंगा खाणारी केसाळ अळी दिसल्यास ती सकाळी हाताने वेचावी.

फुलोरा ओसरून पहिल्या शेंगा धरू लागल्या की कापणी करावी. त्याआधी कापल्यास धागा मऊ पण कमी निघतो, उशीर केल्यास तो जाडाभरडा होतो. कापलेल्या तागाच्या पेंढ्या बांधून पाने झडेपर्यंत एक-दोन दिवस शेतातच ठेवाव्यात. भिजवताना प्रथम बुडखे पाण्यात ठेवून पेंढ्या एक दिवस उभ्या कराव्यात, कारण बुडाची साल जाड असते आणि तिला कुजायला जास्त वेळ लागतो. मग त्या आडव्या करून वर दगड ठेवावेत. उबदार पाण्यात चार ते सात दिवस पुरतात, रात्री गार असतील तर अधिक लागतात. चौथ्या दिवसापासून रोज एक काडी काढून पाहावी. साल बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड सुटली की त्याच दिवशी पेंढ्या बाहेर काढाव्यात. एखादा दिवस जास्त झाला तरी धाग्याचा पीळ टिकत नाही. हे काम वाहत्या व्हाळात मुळीच करू नये. कुजण्याने पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि खालच्या वाडीशी भांडण ओढवते ते वेगळेच. खड्डा खणून त्यातच भिजवावे. उरलेले पाणी माडांच्या आळ्यात ओतता येते. सोललेला धागा स्वच्छ पाण्यात आपटून धुवावा आणि दोरीवर वाळवावा.

पुढील वर्षाच्या बियाण्यासाठी शेताच्या एका कडेला झाडे विरळ राखावीत. तागात शेंगा भरतात त्या मुख्यतः मोठ्या भुंग्यांमुळे, तेव्हा फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. शेंगा हलवल्यावर खुळखुळू लागल्या की त्या तोडाव्यात. हे बी विषारी असल्याने गुरांच्या आंबोणात मिसळणार नाही अशा जागी, डब्यात बंद करून ठेवावे.