विमानांचे फोटो काढायचेत? आधी जागा ठरवा, लेन्स नंतर

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो लेन्सचा, कुठली घेऊ, १५०-६०० एमएमची मोठी झूम घेऊ का म्हणून. मीही तेच केलं होतं. मोठी लेन्स घेऊन घाटकोपरला मित्राच्या गच्चीवर गेलो आणि डोक्यावरून बोइंग ७७७ आलं तेव्हा फ्रेममध्ये फक्त एक इंजिन आणि थोडंसं पोट, बाकी विमान बाहेर. तेव्हापासून मी आधी नकाशा उघडतो.

मुंबईचंच उदाहरण घ्या. मुख्य रनवे ०९/२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. विमान वाऱ्याच्या समोर उतरतं, त्यामुळे पश्चिमेचा वारा असला की विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि जुहूकडे उडतात. निघण्याआधी फ्लाइटरडारवर, म्हणजे उडणारी विमानं नकाशावर दाखवणाऱ्या अॅपवर, पाच मिनिटं बघा, कुठल्या बाजूने चाललंय ते लगेच कळतं.

आता अंतर. उतरणारं विमान साधारण ३ अंशात खाली येतं, म्हणजे रनवेपासून दर किलोमीटर लांब गेलं की विमानाची उंची सुमारे ५० मीटरने वाढते. घाटकोपर पश्चिमेला रनवे अडीच-तीन किलोमीटरवर, तर विमान साधारण १५० मीटरवर. तुम्ही त्याच्या वाटेपासून २०० मीटर बाजूला उभे असाल तर सरळ अंतर झालं २५० मीटर. इथे एक सोपा हिशोब कामी येतो, ए३२० या विमानाची लांबी साडेसदतीस मीटर आणि फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ एमएम रुंद, म्हणून जितके मीटर अंतर तितक्या एमएमच्या लेन्सला ए३२० काठोकाठ बसतं. २५० मीटरला २५०. क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर दीडने भागा, म्हणजे १६५ च्या आसपास. ७७७-३०० जवळपास दुप्पट लांब, त्याला निम्मं पुरतं. चारी बाजूंनी थोडी जागा हवी म्हणून यापेक्षा जरा कमीच ठेवा. थोडक्यात काय, साधी ७०-३०० इथे सगळं करते आणि माझं प्रामाणिक मत आहे की पहिलं वर्षभर तीच वापरावी. ४०० च्या पुढची लेन्स लांबच्या विमानासाठी, पण दुपारी तापलेल्या हवेतून लांबचं विमान थरथरतं आणि कितीही महागडी लेन्स असली तरी ते शार्प येत नाही, तेव्हा पैसे घालण्याआधी सकाळी लवकर जाऊन बघा.

उजेडासाठी हिवाळ्यात विमानाच्या वाटेच्या दक्षिणेला उभं राहायचं, सूर्य पाठीशी येतो.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे जुहू चौपाटीचं दक्षिण टोक, कोळीवाड्याच्या बाजूला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला समुद्राकडे पाठ करून उभे राहा, उडालेलं विमान शहरावरून तुमच्याकडे येतं आणि मावळतीचा उजेड थेट नाकावर पडतो, कॉकपिटच्या काचा पिवळ्या होतात, पोटाखालचे पॅनलचे सांधे सुद्धा दिसतात! तो उजेड जेमतेम पंधरावीस मिनिटं टिकतो, म्हणून सेटिंग आधीच करून ठेवा. जेटला शटर १/१००० किंवा जास्त, अॅपर्चर एफ/८ च्या आसपास, फोकस कंटिन्युअस, म्हणजे विमानाबरोबर सतत बदलणारा. ढगाळ आकाशात पांढरं विमान काळपट येतं, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेडपणा, अर्धा-एक स्टॉप वाढवा. एटीआर, म्हणजे पंख्यावर चालणारं लहान विमान आलं तर मात्र शटर १/२५० वर किंवा खाली आणा, नाहीतर पंखे थिजल्यासारखे दिसतात आणि विमान आकाशात टांगल्यासारखं वाटतं. हे जमायला कंबरेतून वळत विमानाबरोबर कॅमेरा फिरवायची सवय लागते, शंभरातले दहा नीट आले तरी चांगलं.

पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं आहे, तिथे भिंतीजवळ कॅमेरा काढूच नका. मुंबईतही सार्वजनिक जागेवरून किंवा परवानगी घेतलेल्या गच्चीवरूनच काढा, पोलिसांनी थांबवलं तर थांबायचं, वाद घालायचा नाही.

आणि चौपाटीवर लेन्स बदलू नका. खारी हवा आणि वाळू आत गेली की काढता काढता नाकी नऊ येतात, घरी आल्यावर बॉडी किंचित ओल्या फडक्याने पुसून मगच बॅगेत ठेवा.